मागचे चार आठवडे

घर्र असा बारीकसा आवाज झाला आणि बाळाच्या पाठीवर थोपटणारा अकोसिताचा हात जागीच थांबला. रविवारचं जेवण उरकून तासभर झाला होता. सकाळी चर्चमध्ये उभं राहून घसा सुकेपर्यंत गायलेलं, मग अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट बांधून शिजवलेलं मांस भरपेट खाल्लेलं. अशा दुपारी मांगेरे उपनगरातल्या, टोंगा बेटांवरून आलेल्यांच्या घरांतली माणसं जिथे पाठ टेकेल तिथे झोपतात, आणि तिच्या भावाच्या ह्या घरातही तेच झालं होतं. पलीकडच्या खोलीत वाइमोआना वहिनी दुखवट्याचे काळे कपडे न बदलताच आडवी झाली होती, तिचा पाच वर्षांचा लिसियाते तिच्या कुशीत. बाहेर जूनमधली, इथल्या हिवाळ्यातली बोचरी भुरभुर, विमानतळाकडूनही काही आवाज नाही. आणि त्या सगळ्या निजलेल्या शांततेत हा. आधी घर्र, मग अडखळल्यासारखा, दोनदा खोकल्यासारखा, मग एकसुरी. हजार आवाजांत तिने ओळखला असता. दादाच्या लॅपटॉपचा पंखा. ऑक्टोबरात दादाला पुरून आल्यावर तिनेच तो लॅपटॉप कपाटात, घडी घातलेल्या चटयांच्या खाली सरकवून दिला होता. आठ महिने कोणी काढला नव्हता. रविवारी यंत्राला हात लावायचा नाही हा घरचा नियम, आणि वहिनी झोपलेली, लिसियाते झोपलेला, म्हणजे मेलियामे. दादाची नऊ वर्षांची पोर. अकोसिताने बाळाच्या बाजूला उशी लावली. उठली मात्र नाही लगेच.

त्या लॅपटॉपमध्ये काही नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. जे होतं ते तिनेच पुसलं होतं.

फेलेती, तिचा दादा, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. बेटावरून आधी तो आला, विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागला, आणि ती एकोणीस वर्षांची झाल्यावर त्याने तिला बोलावून घेतलं. तेव्हाचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. त्या घराच्या किल्ल्या त्याने पहिल्याच दिवशी तिच्या हातात दिल्या आणि स्वतःची गादी उचलून गराजात नेली, गवत कापायच्या यंत्राशेजारी. वयात आलेले भाऊबहीण एका छपराखाली झोपत नाहीत. शेजारची गोरी म्हातारी कुंपणावरून विचारायची, भांडण झालं का गं तुमचं? ती घरात तोंड दाबून हसायची आणि तो गराजात हसायचा, तेही तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पण दोघं मिळून त्या गोष्टीवर कधी हसले नाहीत, कारण हसायचं म्हणजे विषय काढायचा. टीव्हीवर नट नटीच्या जरा जवळ गेला की फेलेती उठायचा, गाडीला कुलूप लावलंय का बघून येतो म्हणायचा. त्या गाडीला संध्याकाळभरात सहा सहा वेळा कुलूप लागायचं. भावाबहिणीत आब असतो. शरीराचं काही बोलायचं नाही, एकमेकांच्या अंथरुणावर बसायचं नाही, लग्नाच्या गोष्टी समोर नाहीत, दुखण्याच्याही शक्यतो नाहीत. आणि ह्या सगळ्या आबात मानाचं पान बहिणीचं. वयाने धाकटी असली तरी मानाने ती मोठी. भावाच्या पोरांची नावं ती ठेवणार, भावाच्या घरातली वस्तू तिला हवी तर ती नेणार, तिने जेव म्हटलं की त्याने जेवायचं, जा म्हटलं की जायचं. फेलेतीने तिला आयुष्यात एकदाही नाही म्हटलं नव्हतं. तिने कधी काही मागितलंच नाही, ही गोष्ट वेगळी. आब राखला, असं ती म्हणायची. सगळे म्हणायचे. चर्चमधल्या बायका आपल्या मुलींना सांगायच्या, अकोसिताकडे बघा, भावाचा आब कसा राखते.

मेलियामे आपल्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, आणि त्याचा निळसर उजेड तिच्या हनुवटीवर. केस आता कुठे खांद्यापर्यंत आले होते. दारात आत्या दिसल्यावर तिने झाकण खाली आणलं, पण पुरतं मिटलं नाही. हात मध्येच राहिला.

"रविवार आहे," अकोसिता कुजबुजली.

"माहितीये."

"आईला माहितीये?"

"आईला कसं माहीत असेल? झोपलीये ना ती." मग जरा खालच्या पट्टीत, "सांगणार आहेस तिला?"

"कशाला काढलास?"

"शाळेत घरच्या माणसांवर लिहायचंय. प्रत्येकावर एक पान. बाबाच्या पानावर मी त्याचं काम लिहिलं, गाण्यात तो खालचा आवाज लावायचा ते लिहिलं, आणि मग संपलंच गं. अर्धं पान पण नाही झालं." तिने झाकण पुन्हा वर केलं. "तर मी म्हटलं, तो काय काय बघायचा ते बघू. ब्राउझरमध्ये सगळं राहतं. मिस म्हणाल्या, तुम्ही विसरता, ते विसरत नाही, म्हणून नीट वागा."

"पासवर्ड?"

"माझं नाव," मेलियामे म्हणाली. ते नाव आत्यानेच ठेवलेलं होतं.

ती सरकली, पलंगावर जागा केली. अकोसिता बसली. आपण त्याचं झाकण मिटून लॅपटॉप काखेत मारून निघून जावं, असं तिच्या मनात येऊन गेलं; आत्याने नेला तर कोणी ब्र काढणार नाही, तिचा हक्कच आहे. पण पोर तोपर्यंत बोटाने यादी वर सरकवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. "हे बघ. मासे धरायचा गळ. हे पण गळ. हे पण गळ, बाई, किती गळ! घेतला एकही नाही. हे बेटावरचं हवामान, रोज सकाळी बघायचा, इथे पाऊस पडत असला तरी तिकडचं. हे बघ ना आत्या, हे तर बघ." तिथे लिहिलं होतं, मुलीची वेणी कशी घालावी. त्याच्या खाली, वेणी सुटू नये म्हणून काय करावं. त्याच्या खाली, पाच पेडांची वेणी, सोपी. वहिनीची पहाटेची पाळी असायची तेव्हाचं ते. मेलियामे हसली, तोंडावर हात ठेवून, आवाज होऊ नये म्हणून. "पाच पेडांची त्याला कधीच जमली नाही. मी शाळेत गेले की सोडून टाकायचे."

अकोसिताने त्या केसांना कात्री लावली होती. बाप गेला की मुलीचे केस आत्याने कापायचे. कमरेपर्यंतचे केस, फेलेतीने दोन वर्षं रोज सकाळी विंचरलेले, ते तिने मुठीत धरले आणि कात्री चालवली, आणि मुठीत जे उरलं त्याचं वजन अजूनही कधी कधी बाळाला उचलताना हाताला जाणवतं. पोर तेव्हा रडली नाही. खांद्यांवर दुखवट्याची मोठी फाटकी चटई गुंडाळून खाली मान घालून बसली होती. माणसं येत होती, गात होती, आणि अकोसिता एवढी एकच बहीण म्हणून सगळे आधी तिच्याकडे वाकत होते, तिच्या पुढ्यात सायीच्या रंगाच्या बारीक विणीच्या चटया ठेवत होते. केवढा तो मान. तिला वाटत होतं, ह्यातला एक जण तरी विचारील, काय गं, तुला माहीत होतं ना? कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? ते फक्त तिला माहीत होतं.

तो मागच्या वर्षीच्या मार्चमधला शनिवार. तीन महिन्यांची गरोदर होती ती, फोन पाण्यात पडून बंद झालेला, आणि तपासणी कुठे करायची तो पत्ता हवा होता म्हणून इथे आली होती. फेलेती कामावर. वहिनीने कणकेचे गोळे तळायला घेतले होते.

"मग हा घ्या की वन्सं, तुमच्या दादांचा लॅपटॉप."

"त्याला विचारायला नको?"

"विचारायला?" वहिनीने झारा हवेतच धरला. "अहो, उद्या तुम्ही ह्या घराचं छप्पर उचलून नेलंत तरी ते म्हणतील, जपून ने बरं, खिळे लागतील हाताला. मी मेली एक चमचा इकडचा तिकडे ठेवला की दिवसभर ऐकते!"

हसत हसतच तिने तो उघडला होता. रक्ततपासणी असं लिहायचं होतं. रक्त एवढंच लिहून झालं आणि खालून एक यादी धप्पकन उतरली. ब्राउझर मदतीला धावून आला होता, त्याला वाटलं हा नेहमीचाच माणूस. शौचातून रक्त जाणं कधी थांबतं. रक्त आणि वजन उतरणं. मूळव्याधीचं रक्त की दुसरं कसलं, कसं ओळखावं. बायकोला न सांगता डॉक्टरकडे जाता येतं का. तिचे कान तापले. न्हाणीघराची कडी लागलेली नसावी, आपण दार ढकलावं आणि आत भाऊ असावा, तसं. तिने झाकण मिटलं. घाबरली ती, हे खरं. पण कशाला घाबरली? दादाला काही झालंय ह्या विचाराने नव्हे. आपण पाहिलं, ह्याला घाबरली. आज बाळाला पाजताना, भांडी घासताना, सिग्नलला थांबलेली असताना ती स्वतःला तेवढंच विचारते. आधी कशाची भीती वाटली तुला, अकोसिता? आणि उत्तर तेच येतं.

मग तिने तो पुन्हा उघडला होता. दादाला कळू नये की बहिणीने हे वाचलं, आणि उद्या वहिनीने, पोरीने उघडलं तर त्यांनाही दिसू नये. मनात अगदी मऊ काहीतरी दाटलं होतं तेव्हा, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं. ब्राउझरने विचारलं, कुठपासून पुसू? मागचा एक तास, मागचे चोवीस तास, मागचे सात दिवस, मागचे चार आठवडे, पहिल्यापासून सगळं. पहिल्यापासून सगळं म्हटल्यावर तिचा हात आखडला. माणसाचं सगळंच कसं पुसायचं? मागचे चार आठवडे पुरे. त्याहून जुनं असलं तर दादा बोलला नसता का? असं खरोखरच आलं होतं तिच्या मनात. बोलला नसता का! कोणाशी बोलणार होता? तिने बटण दाबलं. यादी कोरी झाली. आणि तरीही मनाची खात्री पटेना, म्हणून तिने त्याच कोऱ्या जागेत लिहिलं, पुसलेलं खरंच पुसलं जातं का? उत्तराची पहिली ओळ वाचते न वाचते तोच वहिनी गरम गोळ्यांची ताटली घेऊन आली, खा हो, दोन जीवांची आहात, आणि तिने झाकण मिटलं. तपासणीचा पत्ता पाहायचा राहूनच गेला.

नऊ दिवसांनी फेलेती तिच्या घरी अळकुड्यांचं पोतं टाकायला आला होता. नेहमीसारखा दाराबाहेरच उभा. शर्ट अंगावर ढगळ झालेला, तिने तो पाहिला आणि नजर पोत्याकडे वळवली.

"लॅपटॉप बरा चालतोय हल्ली," तो पत्रपेटीकडे बघत म्हणाला. "कोणीतरी साफ केला वाटतं."

"वहिनीने केला असेल."

"असेल."

मग तो गेला नाही. चपलेने दगड इकडून तिकडे सारत राहिला. "तुझा डॉक्टर चांगला आहे?"

"चांगला आहे."

"लांब आहे का?"

"नाही रे, वाचनालयाच्या मागेच तर आहे."

"बायकांचाच आहे, का सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा आहे."

"बरं," तो म्हणाला. "जप." आणि गाडीत जाऊन बसला, गाडी सुरू करायच्या आधी बराच वेळ नुसता बसला होता. तिला तेव्हा वाटलं, बहिणीच्या बाळंतपणाची काळजी करतोय. तिचे डोळे भरून आले होते, किती माया. जा, दादा, तूही दाखवून ये. एवढे पाच शब्द. ती सांगती तर तो नाही म्हणू शकला नसता, त्याला तसं म्हणताच येत नव्हतं. साऱ्या जगात तिचीच एक आज्ञा त्याला मोडता येत नव्हती आणि ती दारात उभी राहून अळकुड्या किती छान आहेत ते सांगत होती.

ऑगस्टमध्ये तो विमानतळावर कोसळला. इस्पितळात खाटेशी वहिनी असायची, अकोसिता बाहेरच्या लांबलचक बोळात, आठ महिन्यांचं पोट घेऊन. भावाला पुसतात, कुशीवर वळवतात, तिथे बहिणीने थांबायचं नसतं. डॉक्टरीणबाई बोळात आल्या, तरुण होत्या, केस मागे घट्ट बांधलेले. किती दिवस त्रास होता म्हणाल? वहिनी म्हणाली, तीन आठवडे, फार तर महिना. त्यांनी लिहून घेतलं. नक्की? त्याआधी काहीच बोलले नाहीत? वहिनीने अकोसिताकडे पाहिलं, आपल्या बोलण्याला साक्ष असावी म्हणून पाहतात तसं. आणि अकोसिताने मान हलवली. नाही म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिन्यांपूर्वी आले असते तर गोष्ट वेगळी असती. रागाने नाही म्हणाल्या, दमल्यासारख्या म्हणाल्या. त्यांच्या पेनाचं टोपण चावलेलं होतं. अकोसिताला त्या बाईचा चेहरा आता आठवत नाही. ते टोपण आठवतं.

"आत्या," मेलियामे म्हणाली. "इथे बघ."

यादी खूप खाली गेली होती, मागच्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत. गळ आणि हवामान आणि भजनं, आणि त्यांच्या मधेमधे ते. शौचातून रक्त. पुन्हा शौचातून रक्त. जानेवारीत. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. चार आठवड्यांच्या पलीकडचं सगळं जसंच्या तसं. तिने घातलेलं पांघरूण पायांवरून सरकलेलं होतं आणि पोरांच्या जातीला तेवढं दिसायला पुरे. अकोसिताने पापण्या मिटून घेतल्या. पोरीने वाचलं होतं. पण पोर त्याच्याकडे बोट दाखवत नव्हती.

"हे मी आधीच वाचलं," मेलियामे म्हणाली, अगदी साधेपणाने. "त्याला माहीत होतं. आई म्हणते अचानक झालं, पण त्याला माहीत होतं. आणि मग हे असं रिकामं आहे. फेब्रुवारीचा अर्धा आणि मार्चचा अर्धा. बाबा रोज काहीतरी बघायचाच, आणि इथे महिनाभर काहीच नाही. नुसती ही एक ओळ."

कोऱ्या जागेच्या टोकाला ती होती. पुसलेलं खरंच पुसलं जातं का? शनिवार, दुपारी सव्वादोन. पुसून झाल्यावर लिहिलेली, म्हणून राहिलेली. आणि मग अकोसिताच्या लक्षात आलं की ही ओळ आज नाही दिसली कोणाला पहिल्यांदा. सोमवारी फेलेतीने लॅपटॉप उघडला असेल तेव्हा त्याला आधी हीच दिसली असेल. घरात शनिवारी दुपारी कोण आलं होतं ते त्याला वहिनीने सांगितलंच असेल, वन्सं आल्या होत्या, पत्ता शोधायला. त्याला ठाऊक होतं. दाराबाहेर उभा राहून पत्रपेटीशी बोलत होता तेव्हा त्याला ठाऊक होतं की हिने वाचलंय. तो सांगायला आला नव्हता, तेवढा आब तो मोडणार नव्हता. तिने बोलावं म्हणून आला होता. छातीत दूध उतरल्यासारखं भरून आलं, दुखरं. शेजारच्या खोलीत बाळ झोपेत कुरकुरलं आणि पुन्हा गप्प झालं.

"ह्याच्या पुढे काय आहे?" तिने विचारलं.

"पुढे थोडंच आहे. हे एक पान, त्याच महिन्यातलं, तीन दिवस ओळीने. पान आता उघडत नाही, बंद झालंय. पण पान गेलं तरी त्याची चित्रं राहतात आत." मेलियामेने एक फोल्डर उघडला; शेकडो फाइली, नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरांचा चुरा. "ब्राउझर साठवून ठेवतो, पुढच्या वेळी लवकर दाखवता यावीत म्हणून. कोणाला विचारत नाही, सांगत नाही. मी एकेक उघडून बघत होते, बाबाचा फोटो असेल म्हणून. फोटो नाहीये. हे आहे."

टिकलीएवढं चित्र होतं, मोठं केल्यावर फाटल्यासारखं झालं. पिवळं दार. दाराच्या बाजूला चाकखुर्चीसाठीचा उतार, उताराच्या कठड्याला टांगलेली फुलझाडाची कुंडी. अकोसिताने त्या दारातून पोट घेऊन नऊ महिने ये-जा केली होती. त्या कुंडीला एकदा तिची पिशवी अडकून माती सांडली होती. वाचनालयाच्या मागे. लांब नाही. सगळ्यांचा आहे. तो घरी येऊन त्याच संध्याकाळी ते दार बघत बसला होता, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मग नाही. मग गळ, हवामान, आणि जूनमध्ये एकदा, बहिणीच्या बाळासाठी काय घ्यावं. त्याने काहीतरी घेतलं होतं खरं. लोकरीचं पांघरूण, हिरवं. वहिनीच्या हाती पाठवलं होतं, स्वतः आला नव्हता.

"हे कुठलं घर आहे, तुला माहितीये?"

माहीत नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. आत्याच्या शब्दावर पोराने दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, आणि मेलियामे शहाणी होती, तिने विचारलंही नसतं. झाकण मिटून लॅपटॉप घरी नेता आला असता, आणि ह्या वेळी पहिल्यापासून सगळं असं दाबता आलं असतं. पानावर गळ आणि वेण्या लिहून पोर मोकळी झाली असती. वहिनी काळे कपडे उतरवील तेव्हा अचानकच झालं म्हणत उतरवील, त्यात तिला थोडं तरी बरं असेल. कोणाला हवंय हे? अकोसिताला स्वतःलाच प्रश्न पडला की आता बोलायचंय ते पोरीसाठी, का आपल्याला आता वाहवत नाही म्हणून. पोर मात्र वाट बघत होती, मान थोडी तिरकी करून, तो बघायचा तशी. बाकी कोणाची तशी नाही.

"तो माझ्या डॉक्टरचा दवाखाना आहे," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्याला, कुठे आहे ते."

"मग तो गेला का नाही?"

"ती ओळ मी लिहिलीये, मेलियामे. शनिवारी. मी आले होते इथे. मला दिसलं ते सगळं आणि मी पुसलं. जेवढं पुसता आलं तेवढं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"बाबा जिवंत असताना?"

"हो."

पोर रागावेल, रडेल, आईला हाक मारील, असं सगळं एका श्वासात अकोसिताच्या मनात येऊन गेलं, आणि त्यातलं काहीही झालं तरी बरं वाटेल असंही वाटलं. पण मेलियामे नुसती पडद्याकडे बघत राहिली. पिवळ्या दाराचे तुकडे तुकडे झालेले. मग तिने हळूच विचारलं, "कोणाला नाही सांगितलंस? आईला पण नाही?"

"नाही."

"का?"

"तो माझा भाऊ होता म्हणून."

हे बोलल्यावर तिला ते ऐकू आलं. बेटावर, चर्चमध्ये, कोणाही मोठ्या माणसापुढे हे वाक्य पुरेसं होतं. कोणी पुढे विचारलं नसतं, उलट पाठीवर हात ठेवला असता. मेलियामेही लहानपणापासून हेच ऐकत आलेली. मागच्या महिन्यातच वहिनीने लिसियातेची गादी हिच्या खोलीतून काढून आपल्या खोलीत नेली होती, आता मोठी झालीस तू म्हणून, आणि गादी ओढायला अकोसिताने हात लावला होता. आता त्याच्या ताटातलं उष्टं खायचं नाही, त्याच्यासमोर कपडे बदलायचे नाहीत, त्याला उगाच हात लावायचा नाही. पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं होतं, शाळेतला धडा ऐकावा तसं.

पलीकडे पलंग करकरला. लिसियाते झोपेतून उठून काहीतरी बडबडत होता आणि वहिनी त्याला, झोप रे राजा, अजून दिवस आहे, असं जड आवाजात म्हणत होती. मेलियामेने लॅपटॉपचं झाकण मिटलं. पंखा जरा वेळ फिरत राहिला, मग थांबला. ती भिंतीकडे बघत होती, जिच्या पलीकडे तिचा भाऊ होता, आणि कपाळावर बारीक आठी घालून काहीतरी जुळवत होती. गणित सोडवताना घालते तसली आठी.

"आत्या," ती म्हणाली, "उद्या लिसियातेचं असं काही मला दिसलं, तर मी काय करायचं, ते आत्ताच सांगून ठेवशील?"